विश्वासू देवाची विश्वासू सेविका : पंडिता रमाबाई

आपल्या जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील मुलांस पावसाविषयीं नव्यानें कांहीं सांगावयास नको. नाणेघाट, आहुपें या बाजूस आषाढांत घराबाहेर पाऊल टाकणें कठीण. आणि तेथून पूर्वेकडे खालीं उतरत गेलें कीं त्याच आषाढांत शेतकरी बाजरीच्या पेरणीसाठीं आभाळाकडे डोळे लावून बसलेला. हल्लीं कुकडीवर व घोडेवर धरणें झालीं आहेत, कालवे वाहत आहेत. परंतु आपल्या पणजोबांच्या काळीं एक पाऊस चुकला कीं घरांतील कणगी रिकामी होई, आणि दुसरा चुकला कीं माणसें गांव सोडीत. मागें एकदां प्रार्थनेच्या तासाला देवाच्या विश्वासूपणाविषयीं मी बोलत असतां शेवटच्या बांकावरील एका मुलानें मला विचारलें कीं, देव जर आपल्या वचनास कधींच चुकत नाहीं, तर दुष्काळांत माणसें उपाशी कशीं मेलीं? प्रश्नांत उद्धटपणा नव्हता. त्याच्या घराण्यांत पूर्वीं कोणी तरी तसें गेलें असावें. मला त्या वेळीं त्याचें समाधान करितां आलें नाहीं. नुसत्या तर्कानें तें करितां येईल असें मला आजही वाटत नाहीं. परंतु ज्या एका बाईवर हाच प्रश्न ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कोसळला, आणि जिनें पुढें जन्मभर देवाच्या विश्वासूपणाची साक्ष दिली, तिचें चरित्र मी त्याला पुढल्या तासाला सांगितलें. तेंच येथें लिहितों.

आपली कुकडी घोडेस मिळते, घोड भीमेस मिळते, आणि भीमा तर आपल्या शेजारच्या भीमाशंकराच्या डोंगरांतच उगम पावते. त्याच भीमेच्या खोऱ्यांत, आपल्याच पुणें जिल्ह्याच्या दौंड तालुक्यांत, केडगांव नांवाचें एक रेल्वे स्टेशन आहे. पंडिता रमाबाईंचें मुक्ति मिशन तें तेथलेंच. पण बाईंचा जन्म मात्र फार दूरचा.

ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं, सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील गंगामूळ नांवाच्या घनदाट रानांत त्या जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे गाढे पंडित. तरुणपणीं ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशीं अध्ययन करीत होते. साठेशास्त्री पेशव्यांच्या वाड्यांत पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकविण्यास जात. बायकांच्या तोंडून शुद्ध संस्कृत श्लोक निघूं शकतात हें पाहून अनंतशास्त्री थक्क झाले, आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावयाचें असा त्यांनीं निश्चय केला. त्या काळीं हा निश्चय सोपा नव्हता. घरचीं माणसें फिरलीं, पंडितांनीं जाब विचारला; शास्त्रीबोवांनीं शास्त्राधार काढून दाखविले, पण आपला हेका सोडला नाहीं. अखेर रानांत घर बांधून त्यांनीं लक्ष्मीबाईंस शिकविलें, आणि लक्ष्मीबाईंनीं आपल्या धाकट्या लेकीस. दिवसा घरकामाचा रगाडा असे, म्हणून ती माउली उजाडण्यापूर्वीं मुलीला जागी करून जवळ घेई आणि पाठ सांगे. भागवताचे हजारों श्लोक रमाबाईंस मुखोद्गत झाले ते अशा पहांटवेळीं.

शास्त्रीबोवांचें घर म्हणजे आल्यागेल्याची धर्मशाळाच होती. अतिथींच्या पायीं होतें नव्हतें तें संपलें, कर्ज झालें, आणि मग तें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. पुढें कित्येक वर्षें या क्षेत्राहून त्या क्षेत्रास पायीं जावें, देवळांत किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावें, श्रोते देतील त्यांत निर्वाह करावा, व त्यांतूनच दानधर्मही करावा, असा त्यांचा क्रम होता. तीं गरीब माणसें होतीं, पण भिकारी नव्हतीं. हा भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

अशा स्थितींत १८७६-७७ चा तो मोठा दुष्काळ आला. मद्रास इलाखा, म्हैसूर व आपला दख्खन यांवर त्यानें काळाप्रमाणें झडप घातली. लोकांस खावयास नाहीं तेथें पुराण कोण ऐकणार? दागिने गेले, भांडीं गेलीं, अंगावरचीं चांगलीं वस्त्रें गेलीं. व्रतें, उपास, अनुष्ठानें यांत त्या कुटुंबानें कांहीं कमी केलें नव्हतें. शेवटीं रानांतील झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. वडील वृद्ध, डोळ्यांनीं अधू. आपलें ओझें मुलांवर नको, म्हणून तीर्थाच्या पाण्यांत देह टाकावा असें त्यांच्या मनानें घेतलें. तेव्हां थोरला मुलगा श्रीनिवास यानें सांगितलें कीं, आपण पंडितपणाचा अभिमान सोडून मजुरी करूं. पण मजुरी मिळण्यापूर्वींच वडील गेले. जाण्यापूर्वीं त्यांनीं धाकट्या लेकीस जवळ घेतलें, तिला देवाच्या हातीं सोंपविलें, आणि जन्मभर त्याचीच सेवा करण्याविषयीं बजावलें. देव कोणता, सेवा कशी, याचा खुलासा त्या मरणोन्मुख म्हाताऱ्यानें केला नाहीं. करण्याइतकी शक्तिही त्याच्यांत उरली नव्हती.

पाठोपाठ आई गेली. स्मशान तीन मैल दूर. खांदा देण्यास माणसें मिळेनात. दोघां ब्राह्मणांस दया आली, तिसरा श्रीनिवास, चौथें कोणी नाहीं. तेव्हां चौथी जागा रमेनें घेतली. ती ठेंगणी होती, बाकीच्यांच्या खांद्यांशीं तिचा खांदा जुळेना, म्हणून आईच्या तिरडीचें तें टोंक तिनें डोक्यावर घेऊन तीं तीन मैलांची वाट चालली. पुढें थोरली बहीणही मरण पावली.

माझ्या त्या विद्यार्थ्यास मी येथें थांबून विचारलें कीं, आतां या मुलीनें देवाच्या विश्वासूपणाविषयीं काय समजावें? तो कांहीं बोलला नाहीं. आणि खरी गोष्ट अशी आहे कीं, त्या वेळीं रमाबाईंचाही विश्वास उडाला होता. हें लपविण्याचें कारण नाहीं. त्यांनीं स्वतःही तें कधीं लपविलें नाहीं. भाऊबहीण दोघें हजारों मैल पायीं हिंडलीं. उत्तरेस झेलम नदीच्या कांठीं एका कडाक्याच्या थंडीच्या रात्रीं अंगावर पांघरूण नाहीं, म्हणून त्या दोघांनीं वाळूंत खळगे केले, त्यांत तीं निजलीं आणि तीच वाळू अंगावर ओढून घेतली. ज्यांवर बालपणापासून भाव ठेवला त्यांतून कांहींच फळ दिसेना, म्हणून जुनी श्रद्धा गळून पडली आणि नवी अद्याप कोठेंच नव्हती. तरी वडिलांचे ते अखेरचे बोल मात्र मनांतून गेले नाहींत. मला वाटतें, माणसाचा देवावरील विश्वास सुटतो तेव्हांही देवानें धरलेला हात सुटत नाहीं. पण हें मागें वळून पाहतांना दिसतें. चालतांना दिसत नाहीं.

१८७८ सालीं हीं दोघें कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं वीस वर्षांच्या या मराठी मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. मोठमोठ्या सभांतून तिचीं व्याख्यानें होऊं लागलीं. दिवस पालटले असें वाटलें. तोंच १८८० मध्यें श्रीनिवास वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, यामुळें दोहोंकडचे लोक रुष्ट झाले. संसार आसामांतील सिल्चर येथें मांडला. तेथें पतीच्या पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सांपडली. ती तेथें कशी आली हें त्यांस ठाऊक नव्हतें. त्यांनीं ती वाचली आणि त्यांचें कुतूहल जागें झालें. एवढेंच, अधिक नाहीं. १८८१ च्या एप्रिलांत कन्या मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीच्या विकारानें पति वारले.

वय पुरतें चोवीस झालें नव्हतें. आणि बाप, आई, बहीण, भाऊ, नवरा अशीं पांच माणसें गेलेलीं. उरली कडेवरची मुलगी.

त्यानंतरचा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यांत सांगतों. १८८२ सालीं त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, हंटर कमिशनपुढें स्त्रियांच्या शिक्षणाविषयीं व स्त्रीडॉक्टरांच्या गरजेविषयीं साक्ष दिली. १८८३ मध्यें वैद्यक शिकण्याच्या हेतूनें इंग्लंडास गेल्या. परंतु त्यांच्या कानांस कमी ऐकूं येई, त्यामुळें तो बेत फसला. वाँटेज येथील ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या उतरल्या होत्या, त्यांनीं लंडनाजवळ फुलम येथें चालविलेलें एक घर रमाबाईंनीं पाहिलें. समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांस तेथें प्रेमानें वागवीत, त्यांची शुश्रूषा करीत. असल्या बायांवर माया करावी असें या लोकांस कोणी शिकविलें, असा प्रश्न त्यांनीं केला. आणि उत्तरादाखल त्यांस शोमरोनी स्त्रीची व प्रभु येशूची विहिरीवरील भेट वाचून दाखविण्यांत आली. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यांत केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. ज्यांनीं त्यांस डोक्यावर घेतलें होतें त्यांतील पुष्कळांस दुःख झालें, आणि तें दुःख खोटें नव्हतें.

१८८६ मध्यें त्या अमेरिकेस गेल्या, आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ त्यांनीं पाहिला, उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजींत ग्रंथ लिहिला, आणि बालविधवांच्या शाळेसाठीं दहा वर्षांच्या मदतीचें वचन देणारें एक मंडळ तेथें उभें केलें. ता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. त्यांतील अगदीं पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकीं गोदूबाई. याच पुढें १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९० मध्यें शारदा सदन पुण्यास आलें.

शारदा सदनांत धर्माची सक्ति नाहीं, प्रत्येक मुलीस आपापला आचार पाळण्याची मोकळीक, असें वचन रमाबाईंनीं दिलें होतें. न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर यांसारखे थोर गृहस्थ सल्लागार मंडळांत होते. पण बाई रोज सकाळीं आपल्या खोलींत मुलीस घेऊन प्रार्थना करीत, आणि खोलीचें दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसूं लागल्या. १८९३ मध्यें यावरून वाद विकोपास गेला. सल्लागारांनीं राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनीं मुली काढून नेल्या. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, सक्ति मी केली नाहीं, पण दारही लावून घेणार नाहीं. पालकांची भीति समजण्यासारखी होती. आपल्या लेकरांविषयीं कोणत्या आईबापांस भीति वाटत नाहीं? तरीही दिलेलें वचन मोडलें नाहीं आणि धरलेला विश्वास झांकला नाहीं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं साधणें किती अवघड असतें, हें ज्याला करावें लागलें आहे त्यालाच कळेल. याच सुमारास त्यांस असेंही उमगलें होतें कीं, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्ताला अद्याप ओळखलें नव्हतें. आठ वर्षें बाप्तिस्मा होऊन झालेल्या, शास्त्र जाणणाऱ्या बाईनें हें कबूल करावें, याचें मला फार मोल वाटतें. त्या ओळखीनंतर त्यांच्या बोलण्यांत वादाचा सूर कमी झाला व कामाचा वाढला.

आतां केडगांवाकडे येऊं. संस्थेस दुसऱ्याच्या देणगीवर नेहमीं अवलंबून राहावें लागूं नये म्हणून रमाबाईंनीं तेथें जमीन घेतली आणि संत्र्यांचीं, लिंबांचीं, आंब्यांचीं झाडें लाविलीं. खडकाळ माळ तो. पाण्यासाठीं विहिरी खणाव्या लागल्या. शेजारच्या लोकांनीं या पांढरें पातळ नेसणाऱ्या विधवेच्या शेतकीकडे पाहून मान हलविली असेल. पण नाणेघाटांत आपण सर्वांनीं खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं पाहिलीं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीं कोणी तरी पुढें येणाऱ्या तहानेल्या वाटसरूची काळजी आधींच केली. केडगांवच्या विहिरी खणल्या तेव्हां त्यांचें पाणी कोण पिणार, हें खणणारांस ठाऊक नव्हतें.

१८९६ सालीं मध्य प्रांतांत दुष्काळ पडला. बातम्या येऊं लागल्या तशा रमाबाई अस्वस्थ झाल्या. वीस वर्षांपूर्वींची ती झाडपाला खाणारी मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. हातांत पैसा नव्हता. शारदा सदनाला लागणारा पैसा दूर देशाहून येई, आणि तोही ठराविक कामासाठीं. तरी त्या निघाल्या. दुष्काळी छावण्या त्यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिल्या. तेथें अन्नाच्या आमिषानें अनाथ मुलींस पळविणारीं दुष्ट माणसें फिरत होतीं, हें पाहून तर त्यांचा जीव कळवळला. तीनशें मुलींस आपण आणूं असा संकल्प त्यांनीं केला, आणि टोळ्याटोळ्यांनीं हाडांचे सांपळे झालेल्या त्या लेकरांस त्या पुण्यास घेऊन आल्या.

तोंच १८९७ मध्यें पुण्यांत प्लेग आला. शहरांत नवीं माणसें ठेवण्यास सरकारी मनाई. केडगांवच्या माळावर पत्र्याचीं व गवताचीं छपरें उभारून मुलींस तेथें नेण्यांत आलें. मुक्ति सदनाचा हा आरंभ. कोणी योजून केलेला नव्हे. रमाबाईंची योजना फळबागेची होती. देवानें त्या बागेंत माणसें लाविलीं.

अमेरिकेंतील मंडळाचीं दहा वर्षें १८९८ मध्यें भरलीं. पुढील मदत किती व कशी, हें ठरविण्यासाठीं त्या तिकडे गेल्या आणि परतल्या. पण मुक्तीच्या वाढत्या कुटुंबास पुरेल असें ठराविक उत्पन्न कोठूनच नव्हतें. इंग्लंडांत ब्रिस्टल येथें जॉर्ज म्यूलर यांनीं कोणापुढेंही हात न पसरतां, केवळ प्रार्थनेवर, हजारों पोरक्या मुलांस वाढविलें, तें चरित्र रमाबाईंनीं वाचलें होतें. इंग्लंडांतील देव आणि केडगांवचा देव कांहीं निराळा नाहीं, असें त्यांनीं मनाशीं धरलें. गरज लागेल ती देवापाशीं मागावी, येईल तें त्याच दिवशींच्या कामास लावावें, आणि कर्ज काढूं नये, असा क्रम पडला. पूर्वीं वडिलांच्या घरीं दानधर्मानें कर्ज झालें होतें, त्याची आठवण या नियमामागें असेल काय? मला तसें वाटतें.

येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट नीट पाहावी. सारफथच्या विधवेच्या मडक्यांतील पीठ संपलें नाहीं, असें शास्त्रांत आहे. पण तिच्या घरीं पिठाचीं पोतीं येऊन पडलीं असें कोठेंही नाहीं. रोज तळाशीं मूठभर पीठ, आणि रोज तें मळावयाचें तिच्याच हातांनीं. शिवाय पहिली भाकर पाहुण्याला. रमाबाईंचें तसेंच होतें. त्यांची प्रार्थना पहांटे होई, आणि उजाडल्यावर त्या कोठार, गोठा, विहीर, दवाखाना, शाळा असा फेरा घालीत. मुली दळीत, कांडीत, विणीत, शिवीत, तेलाचा घाणा चालवीत, शेत राखीत, छापखान्यांत खिळे जुळवीत. देव पुरवील म्हणून हात जोडून बसलेलें एकही माणूस तेथें सांपडलें नसतें.

१८९९-१९०० चा छपन्नाचा दुष्काळ गुजरात, काठेवाड व राजपुतान्यावर आला. छपन्नाचा हें नांव विक्रम संवताच्या १९५६ या वर्षावरून पडलें. या वेळीं रमाबाई जरा कचरल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. घरांत शेंकडों तोंडें होतीं, आणि पाऊस आपल्याकडेही धड झाला नव्हता. तरी त्यांनीं माणसें गुजरातेंत धाडिलीं, आणि बाया-मुलींच्या गाड्याच्या गाड्या केडगांवीं येऊं लागल्या. मुक्तींतील माणसांचा आंकडा सुमारें १९०० पर्यंत गेला. नव्या विहिरींना पाणी लागेना. जुन्या विहिरींचें पाणी दिवसभरांत उपसून संध्याकाळीं तळ दिसे, आणि सकाळीं पुन्हां त्या दिवसापुरतें पाणी सांचलेलें असे, अशी त्या वेळची हकीकत आहे. झऱ्याचें पाणी रात्रभर पाझरतें यांत चमत्कार काय, असें कोणी म्हणेल. म्हणेना कां! ज्यांनीं संध्याकाळीं कोरडा तळ पाहून अंथरूण टाकलें आणि सकाळीं घागर भरली, त्यांनीं देवाचे उपकार मानले, आणि मला त्यांचें म्हणणें अधिक जवळचें वाटतें.

सर्वच मुली जगल्या नाहींत. उपासानें पोखरलेल्या देहांस अन्नही सोसेना. रोगानें पुष्कळ दगावल्या. रमाबाईंनीं त्यांच्या उशाशीं बसून रात्री काढल्या. विलापगीतांच्या कर्त्यानें देवाची दया रोज सकाळीं नवी होते असें गायिलें, तें उद्ध्वस्त यरुशलेमाच्या दगडांत बसून. सुखाच्या ओसरीवर बसून नव्हे. रमाबाईंचाही देवाच्या विश्वासूपणाविषयींचा भरंवसा याच जातीचा होता.

कामाच्या शाखा वाढत गेल्या. पतित स्त्रियांसाठीं कृपा सदन. वृद्धांसाठीं प्रीति सदन. आंधळ्यांसाठीं बार्तीमय आंधळ्याच्या नांवानें निराळें घर. मनोरमाबाई अमेरिकेंत शिकून परत आल्या आणि आईच्या उजव्या हाताप्रमाणें राबूं लागल्या. ब्रेल लिपी शिकून त्यांनीं आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचावयास शिकविलें. पुढें गुलबर्गा येथेंही त्यांनीं मुलींची शाळा काढली. कानांनीं जवळजवळ बहिऱ्या झालेल्या आईचे कान मनोरमाबाईच होत्या. आपल्यामागें सर्व भार हीच उचलील, अशी रमाबाईंची खात्री होती.

दरम्यान त्यांनीं एक अवघड काम आरंभिलें होतें. खेड्यांतल्या साध्या बायकांस प्रचलित मराठी बायबलांतील संस्कृतमिश्रित भाषा कळत नाहीं, असें त्यांच्या प्रत्ययास आलें. म्हणून संस्कृताच्या या पंडितेनें जाड जाड संस्कृत शब्द बाजूस ठेवून, शेतावर व जात्यावर बोलल्या जाणाऱ्या मराठींत सबंध पवित्र शास्त्र उतरविण्याचें ठरविलें. त्यासाठीं पन्नाशीच्या आसपास त्या ग्रीक व हिब्रू भाषा शिकल्या. कोश, व्याकरणें, टीपा यांच्या राशींत रोज कांहीं तास त्या बसत, आणि तें काम पंधरा वर्षांहून अधिक चाललें. त्यांची भाषा पुष्कळांस ओबडधोबड वाटली. मलाही कोठें कोठें ती अडखळल्यासारखी वाटते. पण ती कोणासाठीं लिहिली हें लक्षांत आणलें कीं टीका करण्यास जीभ रेटत नाहीं.

ता. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई मिरजेच्या इस्पितळांत वारल्या. वय अवघें चाळीस. कडेवर घेऊन सिल्चराहून निघालेली, सिंधुपार नेलेली, जिच्या हातीं सर्व कांहीं सोंपवावयाचें ती एकुलती एक मुलगी आईच्या आधीं गेली. शेवटच्या बांकावरील त्या मुलाचा प्रश्न जन्माच्या आरंभीं जसा पुढें आला होता तसाच तो अखेरीसही आला. या वेळीं मात्र त्या वाळूच्या खळग्यांतली निराश मुलगी तेथें नव्हती. रमाबाईंनीं शोक केला, आईच ती. मग मुक्तीचा भार दुसऱ्यांच्या स्वाधीन करण्याची व्यवस्था पाहिली, आणि बायबलाचे कागद पुन्हां पुढें ओढले.

प्रकृति ढांसळत चालली होती. उरलेलीं मुद्रितें तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावें एवढेंच त्यांनीं देवापाशीं मागितलें, आणि तेवढेच दिवस त्यांस मिळाले, असें त्यांच्या सहवासांतील लोक सांगत. ता. ५ एप्रिल १९२२ च्या पहांटे त्या झोंपेंतच गेल्या. चौसष्टावें वर्ष पुरें होण्यास अठरा दिवस कमी होते.

छापण्याचें काम त्यानंतरही केडगांवच्या छापखान्यांत चालूच राहिलें. खिळे जुळविणाऱ्या, शाई लावणाऱ्या, कागद उचलून वाळत घालणाऱ्या बाया मुक्तींतल्याच. अक्षरओळख त्यांस त्याच आवारांत झालेली. १९२४ सालीं सबंध पवित्र शास्त्र छापून पुरें झालें, आणि तें बांधून गांवोगांव जाऊं लागलें.